काच उघडी ठेवून ट्रक चालवताना कानात धडधड का होते? वाऱ्याच्या माऱ्याचे परिणाम आणि उपाय

ऊस गळीत हंगाम सुरू झाला की वारणानगर, कोडोली, नवे पारगाव, तळसंदे या पट्ट्यातील रस्त्यांवर रात्रंदिवस वाहने धावत असतात. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना आणि दूध संघ यांमुळे या भागात ट्रक, टँकर किंवा टेम्पो चालवणारा माणूस बहुतेक गावांत सापडतो. कुणी फडातून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत ऊस आणतो, कुणी वाठारला महामार्ग गाठून पुणे-मुंबईकडे दूध किंवा साखर नेतो.

यातील बरेच चालक काच खाली करूनच गाडी चालवतात. त्याची कारणेही खरी आहेत. इंजिनाची उष्णता केबिनमध्ये येते, अनेक जुन्या गाड्यांना एसी नसतो, बाहेरचे आवाज ऐकू यावेत असे वाटते आणि रात्री झोप येऊ नये म्हणूनही वारा हवासा वाटतो. पण तासन्‌तास अंगावर येणारा हा वारा कान, डोळे, मान आणि त्वचा यांवर परिणाम करतो. शिवाय ‘वारं लागलं’ या समजुतीमुळे काही गंभीर आजारांकडे दुर्लक्ष होते. हा लेख चालकांसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

वाऱ्याचा मारा म्हणजे नेमके काय?

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर खिडकीबाहेरची हवा सेकंदाला सुमारे १७ मीटर या वेगाने मागे सरकत असते. वाऱ्याचा वेग मोजण्याच्या ब्यूफोर्ट पट्टीवर ताशी ६२ किलोमीटरपासून पुढच्या वाऱ्याला ‘गेल’, म्हणजे वादळी वारा म्हणतात. चारपदरी रस्त्यावर मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे महामार्गावर तुमच्या उजव्या कानापासून दीड-दोन फुटांवर सतत वादळी वारा वाहत असतो. सगळा वारा आत येत नाही, पण जो येतो त्याचे दोन प्रकार असतात.

पहिला प्रकार म्हणजे सरळ भणभणाट. आरसा आणि काचेपुढचा खांब यांवर हवा आपटते, तिचे भोवरे होतात आणि ‘सूंऽऽ’ असा सलग आवाज येतो. वेग वाढला की हा आवाज झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला तर तो साधारण १५ ते १८ डेसिबलने चढतो.

दुसरा प्रकार वेगळा आहे. एकच काच उघडी असताना ठरावीक वेगाला केबिनमध्ये अचानक ‘धब-धब-धब’ असे होऊ लागते. आवाजापेक्षा दाबच जास्त जाणवतो. कानात दडा बसतो, छातीत घुमते, कधी मळमळते. वेग थोडा कमी-जास्त केला किंवा दुसरी काच थोडी उघडली की ते क्षणात थांबते.

ही धडधड तयार कशी होते?

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून पाहा. बाटली ‘भूंऽ’ असा आवाज देते. तोंडाशी असलेली हवा आत ढकलली जाते, आतली हवा दाबली जाऊन तिला परत बाहेर फेकते, ती पुन्हा आत येते. हे आत-बाहेर होणे ठरावीक गतीने चालते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा सखोल अभ्यास केला, म्हणून त्याला हेल्महोल्ट्झ अनुनाद म्हणतात. हेल्महोल्ट्झ हे शिक्षणाने डॉक्टर होते. डोळ्याच्या आतला पडदा पाहण्याचे जे उपकरण आजही नेत्रतज्ज्ञ वापरतात, ते त्यांनी १८५१ साली तयार केले.

तुमची केबिन ही एक मोठी बाटली आहे आणि उघडी खिडकी म्हणजे तिचे तोंड. वाऱ्याचे भोवरे खिडकीच्या पुढच्या कडेपासून सुटून मागच्या कडेवर आदळतात. भोवऱ्यांची गती आणि केबिनमधल्या हवेची गती जुळली की धडधड सुरू होते. केबिन मोठी असल्याने तिची गती फार मंद असते, सेकंदाला साधारण १५ ते २५ कंपने. माणसाला सेकंदाला सुमारे २० पेक्षा कमी कंपने आवाज म्हणून नीट ऐकू येत नाहीत. म्हणूनच ही धडधड ऐकू येण्यापेक्षा कानाच्या पडद्यावर आणि छातीवर जाणवते.

यावरून दोन गोष्टी समजतात. जुन्या, फटी असलेल्या केबिनमध्ये हवा इकडून-तिकडून निघून जाते, त्यामुळे धडधड कमी होते. मात्र इंजिन आणि वाऱ्याचा आवाज जास्त येतो. नव्या, घट्ट बंद होणाऱ्या केबिनमध्ये एकच काच उघडली तर धडधड जास्त जाणवते. तुमची गाडी नवी असूनही कानात दडा बसत असेल, तर गाडीत बिघाड आहे असे समजू नका.

धडधडीमुळे लगेच कोणता त्रास होतो?

• कानात दाब किंवा दडा
• डोके जड होणे, कपाळ दुखणे
• मळमळ, गरगरल्यासारखे वाटणे
• चिडचिड, लक्ष विचलित होणे आणि लवकर येणारा थकवा

हा त्रास सहसा काच बंद केल्यावर किंवा गाडी थांबल्यावर थोड्या वेळात जातो. इतक्या मंद कंपनांमुळे कानाच्या आतल्या पेशींना इजा होण्याचा धोका मोठ्या, तीव्र आवाजांपेक्षा कमी असतो. पण थकलेला चालक उशिरा ब्रेक दाबतो, हा धोका लहान नाही.

ज्यांच्या कानाच्या पडद्याला आधीच छिद्र आहे, त्यांनी विशेष काळजी घ्यावी. गार वारा त्या छिद्रातून आत गेला तर आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला धक्का बसून अचानक चक्कर येऊ शकते. चालत्या गाडीत असे होणे जीवघेणे ठरेल. कान वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवूनच लांबचा प्रवास करावा.

खरे नुकसान: हळूहळू कमी होणारे ऐकू येणे

कानाला कायमची इजा करतो तो सलग भणभणाट. आणि तो एकटा नसतो. इंजिन, फुटका सायलेन्सर, शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न आणि या सगळ्यावर मात करण्यासाठी मोठा केलेला टेप, हे सगळे एकत्र कानावर पडते.

कामाच्या ठिकाणी रोज ८ तास ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज ही मर्यादा जगभर वापरली जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला फक्त १ तास. याचा अर्थ असा की १२ तास स्टिअरिंगवर बसणाऱ्याला ८५ डेसिबलही जास्तच आहेत.

तुमच्या केबिनमध्ये आवाज किती आहे हे कळण्याची सोपी खूण आहे. शेजारी हातभर अंतरावर बसलेल्या क्लिनरशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे असे समजा.

कानाच्या आत शंखासारख्या भागात केसांसारख्या नाजूक टोकांच्या पेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या थकतात. विश्रांती मिळाली तर काही सावरतात, पण पुन्हा पुन्हा मारा बसला तर मरतात. मेलेल्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून या बहिरेपणावर गोळी, थेंब किंवा ऑपरेशन नाही. वेळीच थांबवणे हाच उपाय आहे.

सुरुवातीला बारीक, टोकदार आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी अक्षरे गळतात. माणूस म्हणतो, “ऐकू येतंय, पण काय बोलताय ते कळत नाही.” आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे खिडकीचा वारा उजव्या कानावर जास्त येतो आणि डाव्या कानाला डोक्याची थोडी आड मिळते.

घरच्या घरी ओळखण्याच्या खुणा

• रात्री गाडी बंद करताना टेपचा आवाज जेवढा होता, तेवढाच ठेवून सकाळी पुन्हा लावा. तो फारच मोठा वाटला, तर आदल्या दिवशी तुमचे कान थकून तात्पुरते कमी ऐकत होते.
• ड्युटीनंतर कानात शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यांसारखा आवाज येणे.
• घरात टीव्हीचा आवाज इतरांना मोठा वाटतो, पण तुम्हाला नाही.
• फोन नेहमी डाव्याच कानाला लावला जातो.
• चारचौघांत, लग्नात, बाजारात बोललेले कळत नाही.
• नातवंडांचे किंवा बायकांचे बोलणे समजत नाही, पुरुषांचे समजते.

यातील दोन-तीन खुणा असतील तर ऑडिओमेट्री करून घ्या. वेगवेगळ्या उंचीचे आवाज ऐकवून केलेली ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि दुखत नाही. आवाजामुळे झालेल्या बहिरेपणात ४००० हर्ट्‌झच्या आसपास आलेखात खाच दिसते. एकाच कानाला खूप कमी ऐकू येत असेल, तर ते ‘खिडकीमुळेच’ असे गृहीत धरू नये. श्रवणनसेवरील गाठीसारखे दुसरे कारण नाही ना, हे डॉक्टर तपासतात.

डोळे: कोरडेपणा, कचरा आणि उसाचे पाते

वाऱ्यामुळे डोळ्यांवरचा अश्रूंचा पातळ थर लवकर वाळतो. रस्त्यावर नजर रोखलेली असताना आपण पापण्याही कमी लवतो. परिणामी डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि गंमत म्हणजे त्यातून पाणीही वाहते. पाणी येते म्हणजे डोळा ओला आहे असे नाही. कोरडेपणावर शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असते. वर्षानुवर्षे ऊन, धूळ आणि वारा लागल्यास बुबुळाकडे मांसाचा पडदा वाढू शकतो.

आपल्या भागात याहून मोठा धोका आहे. उसाच्या गाडीमागे गाडी असताना पाचट, पात्यांचे तुकडे, माती आणि किडे उडून डोळ्यात जातात. वनस्पतीचा तुकडा बुबुळाला घासला तर तिथे बुरशीची जखम होऊ शकते. ती सुरुवातीला साधी वाटते, पण काही दिवसांत बुबुळावर पांढरा डाग दिसतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

डोळ्यात काही गेले तर:

• गाडी सुरक्षित बाजूला घ्या. डोळा चोळू नका.
• पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवा.
• रुमालाच्या टोकाने किंवा जिभेने कचरा काढून घेऊ नका. याने जंतूंचा संसर्ग होतो.
• मेडिकलमधून मनाने थेंब घेऊ नका. स्टिरॉइडचे थेंब टाकले की लाली आणि वेदना कमी होतात, पण आतली बुरशी जोरात वाढते.
• दुखणे, लाली, अंधुक दिसणे किंवा प्रकाश सहन न होणे हा त्रास धुतल्यानंतरही राहिला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

‘वारं लागलं’ आणि तोंड वाकडे होणे

हा भाग घरातील प्रत्येकाने वाचावा.

रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाचे सकाळी तोंड वाकडे दिसले, की घरचे म्हणतात, “काच उघडी होती, वारं लागलं असेल.” मग शेक, तेल, मालिश यांत एक-दोन दिवस जातात. आपल्या भाषेत अर्धांगवायू, वारं जाणे असे शब्द असल्यामुळे बाहेरच्या वाऱ्याचा संबंध सहज जोडला जातो. पण त्या शब्दांतला ‘वायू’ हा आयुर्वेदात सांगितलेल्या शरीरातील वात या दोषाचा आहे, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा नाही.

तोंड वाकडे होण्याची दोन मुख्य कारणे असतात.

पहिले, मेंदूचा झटका, म्हणजेच पक्षाघात. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते. हे अचानक होते. बोलणे अडखळते, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडतो, तोल जातो. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जितका उशीर, तितका मेंदूचा जास्त भाग मरतो. जास्त बीपी, मधुमेह, तंबाखू आणि बैठे काम यांमुळे चालकांना हा धोका असतोच.

दुसरे, बेल्स पाल्सी. यात चेहऱ्याच्या नसेला सूज येते. बहुधा शरीरात सुप्त असलेला नागिणीच्या जातीचा विषाणू जागा होण्याशी याचा संबंध असतो. वाऱ्यामुळे हा आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. यात एका बाजूचे कपाळही हलत नाही, डोळा पूर्ण मिटत नाही आणि तोंड वाकडे होते. हात-पाय आणि बोलण्याची समज ठीक असते. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. मधुमेह असेल तर या गोळ्या साखरेवर लक्ष ठेवूनच घ्याव्या लागतात. उघडा राहणारा डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब आणि रात्री पट्टी लागते.

मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळाला दोन्ही बाजूंनी आठ्या पडतात, बेल्स पाल्सीत एका बाजूला पडत नाहीत. हा फरक डॉक्टरांच्या उपयोगाचा आहे. घरी आरशासमोर बसून निदान करू नका. तोंड वाकडे दिसले की वेळ पाहा, लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट जा. वारणानगरहून कोल्हापूर जवळ आहे. साडेचार तास पुरेसे आहेत, पण ते मालिशीत घालवले नाहीत तरच.

अचानक बसलेला दडा

अशीच गफलत कानाबाबत होते. सकाळी उठल्यावर एका कानाने जवळजवळ ऐकूच येईना, तर “वाऱ्याने दडा बसला” किंवा “मळ साचला” असे म्हणून तेल घातले जाते. हा कानाच्या नसेचा अचानक आलेला बहिरेपणा असू शकतो. याचे उपचार पहिल्या काही दिवसांतच चांगले लागू पडतात आणि दोन आठवड्यांनंतर आशा बरीच कमी होते. म्हणून एका दिवसात न सुटलेला दडा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तेल घालू नका.

मान, त्वचा आणि उष्णता

गार वारा एका बाजूने लागत राहिला की मानेचे स्नायू आखडतात. पण मान धरण्याचे मोठे कारण तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे आणि गाडीची कंपने हे असते. दर दोन तासांनी उतरून मान, खांदे आणि कंबर मोकळी करा.

उजवा गाल, मान आणि दंड यांवर उन्हाचा परिणाम जास्त होतो. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या चालकाचे छायाचित्र छापले होते. २८ वर्षे मालवाहू गाडी चालवल्यामुळे त्याच्या खिडकीकडच्या, म्हणजे डाव्या गालाची त्वचा जाड आणि सुरकुतलेली झाली होती. दुसरा गाल बराच तरुण दिसत होता. अतिनील किरणांचा एक प्रकार बंद काचेतूनही येतो. म्हणून काच उघडी असो वा बंद, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट उपयोगी पडतो.

उन्हाळ्यात वारा फसवतो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेरची हवा त्याहून गरम असेल, तर वारा स्वतः शरीर थंड करत नाही, फक्त घाम वाळवतो. घाम दिसत नाही म्हणून तहानेकडे दुर्लक्ष होते. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडले आहे. सोलापूर किंवा मराठवाड्याकडे उन्हात जाणाऱ्यांनी दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे पाणी प्यावे. लघवी करायला उतरावे लागेल म्हणून पाणी टाळणे मुतखड्याला आमंत्रण देते.

आणि एक सवय आजच सोडा: कोपर खिडकीबाहेर ठेवणे. समोरून येणाऱ्या ट्रॉलीतून उसाच्या मोळ्या बाहेर आलेल्या असतात. अरुंद रस्त्यावर घासून कोपराचे हाड चुरा होण्याच्या दुखापती अस्थिरोगतज्ज्ञांना चांगल्या परिचयाच्या आहेत.

केबिनमध्ये काय बदल करावेत?

१. धडधड सुरू झाली की क्लिनरच्या बाजूची काच तीन-चार बोटे उघडा. बाटलीला दुसरे भोक पडले की ती वाजत नाही.

२. वेग ताशी ५ ते १० किलोमीटरने कमी करा. भोवऱ्यांची गती जुळेनाशी होते.

३. काच पूर्ण खाली न करता चार-पाच बोटे उघडी ठेवा. काचेच्या वरच्या कडेला डोअर व्हायझर बसवला तर वारा थेट कानावर येत नाही.

४. गावातील रस्त्यावर, कमी वेगात काच उघडी. महामार्गावर वेग वाढला की काच बंद आणि पंखा किंवा एसी चालू, अशी सवय लावा.

५. दरवाजाचे रबर, सायलेन्सर आणि इंजिनावरचे आच्छादन दुरुस्त ठेवा. गाडीमालकांनी हा खर्च चालकाच्या आरोग्यावरचा खर्च समजावा.

६. टेपचा आवाज काच बंद असतानाच ठरवा. काच उघडल्यावर वाढवू नका.

७. गाडी उभी करून इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत आला तर झोपेतच मृत्यू येऊ शकतो.

नव्याने तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांच्या चालक-केबिनला एसी बंधनकारक करण्यात आला आहे. जुन्या गाड्यांना हा नियम लागू नाही. त्यामुळे पुढची बरीच वर्षे उघड्या काचेचे ट्रक रस्त्यावर राहणारच आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कानात कापूस घातला तर चालेल का?*
कापसाने आवाज फारच थोडा कमी होतो आणि उगाच सुरक्षित वाटते. मफलर किंवा कानटोपीने गार वारा अडतो, आवाज फारसा नाही. पूर्ण आवाज बंद करणारे प्लग गाडी चालवताना वापरू नका. हॉर्न आणि सायरन ऐकू येणे गरजेचे आहे.

*इअरफोन लावून गाणी ऐकली तर वाऱ्याचा आवाज जाणवत नाही. मग?*
बाहेरचा आवाज झाकण्यासाठी तुम्ही गाणे त्याहून मोठे करता. कानावरचा भार वाढतोच, शिवाय रस्त्यावरचे आवाज ऐकू येत नाहीत. ही सवय दोन्हीकडून धोक्याची आहे.

*झोप येऊ नये म्हणून काच उघडणे योग्य आहे का?*
गार वाऱ्याने काही मिनिटे बरे वाटते, पण झोप जात नाही. डोळे मिटू लागले असतील तर गाडी सुरक्षित जागी लावा, चहा किंवा कॉफी घ्या आणि १५-२० मिनिटे डुलकी काढा. खंबाटकी किंवा खंडाळा घाट चढण्याआधी हे करणे घाट उतरल्यावर करण्यापेक्षा शहाणपणाचे.

*चष्मा नसला तरी चष्मा लावावा का?*
हो. बाजूने झाकलेला साधा पारदर्शक चष्मा वारा, धूळ आणि पाचट अडवतो. दिवसा गॉगल चालेल, पण रात्री काळी काच नको. डोळे कोरडे पडत असतील तर डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरा.

*कान तपासला आणि कमी ऐकू येते असे निघाले, तर लायसन्स जाईल का?*
या भीतीने तपासणी टाळू नका. बऱ्याच जणांना सुरुवातीच्या टप्प्यात केवळ काळजी घेऊन पुढचे नुकसान थांबवता येते, काहींना श्रवणयंत्राने चांगले ऐकू येते. न तपासलेला कान मात्र मागचा हॉर्न हुकवतो.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

ताबडतोब, १०८ ला फोन करून:
• तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे
• अचानक तीव्र डोकेदुखी किंवा तोल जाणे

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी:
• एका कानाचे ऐकू येणे अचानक जाणे
• डोळ्यात काही गेल्यानंतर लाली, वेदना, अंधुक दिसणे
• गाडी चालवताना चक्कर येणे

येत्या काही आठवड्यांत:
• कानात सतत गुणगुण, बोलणे न कळणे
• डोळ्यांची सततची चुरचुर, बुबुळाकडे वाढणारा पडदा
• चेहऱ्यावर न भरणारी जखम किंवा बदलणारा डाग

पाच वर्षांहून जास्त काळ गाडी चालवणाऱ्यांनी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, डोळे, बीपी आणि साखर तपासून घ्यावी. उसाची वाहतूक करणाऱ्यांना यासाठी सोयीचा काळ म्हणजे कारखान्याचा पट्टा पडल्यानंतरचे दिवस. हंगामात सुट्टी मिळत नाही, पण हंगाम संपल्यावर वर्षाची तपासणी करून घेण्याची सवय घरच्यांनी लावून द्यावी.

थोडक्यात

काच उघडी ठेवण्यात चूक काही नाही. ती किती, कुठे आणि कोणत्या वेगात उघडी ठेवायची हे महत्त्वाचे. धडधड झाली तर दुसरी काच उघडा, वेग वाढला तर काच बंद करा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. आणि तोंड वाकडे झाले किंवा कान अचानक बंद पडला, तर ‘वारं लागलं’ म्हणून घरी थांबू नका. या दोन आजारांत उपचार असतात, फक्त त्यांची वेळ फार थोडी असते.